लाल ठिपका दिसला म्हणजे तिथे तुटणार का?

(स्क्रीनवर काटकोनी ब्रॅकेट. बहुतेक निळा, आतल्या कोपऱ्यात लाल ठिपका.)

हा ब्रॅकेट माझा. मी हे सगळं शिकत होतो तेव्हाचा. मागची बाजू पक्की धरलेली, पुढच्या टोकावर लोड. सॉफ्टवेअर म्हणालं, आतल्या कोपऱ्यात, त्या लाल ठिपक्यात, स्ट्रेस (दर चौरस मिलिमीटरवर येणारं बल) सगळ्यात जास्त, २००. म्हणजे २०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. स्टील २५० ला यील्ड होणारं, म्हणजे तिथून कायमचं ताणलं जाऊ लागणारं, तेव्हा म्हटलं चला, जमलं. पण मेश, म्हणजे सॉफ्टवेअर भागाचे जे तुकडे (एलिमेंट) पाडतं त्यांची जाळी, बारीक करून एकदा खात्री करून घ्यावी, एवढं ऐकून माहीत होतं. एलिमेंटचा आकार निम्मा केला. २७४. पुन्हा निम्मा. ३७६. आणखी निम्मा केला तर ५१५! रात्रीचे दोन वाजलेले, कॉम्प्युटरचा पंखा घरघरतोय आणि माझा ब्रॅकेट दर तासाला आणखी तुटतोय.

ब्रॅकेटला काहीच झालेलं नव्हतं. गोंधळ माझ्या मॉडेलमध्ये होता. तो काय होता ते सांगतोच, पण त्याआधी हे फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअर आत नेमकं काय करतं ते बघू. घाबरू नका, कॅल्क्युलेटर पुरेल.

(स्क्रीनवर एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक होत गेलेली सळई.)

ही एक मीटर लांबीची स्टीलची सळई. जाड टोकाचं क्षेत्रफळ १००० चौरस मिलिमीटर, बारीक टोकाचं ५००, आणि मधे ते एकसारखं कमी होत जातं. जाड टोक पक्कं बांधलंय आणि बारीक टोकाला १,००,००० न्यूटनने ओढायचंय. स्टीलचा ई, म्हणजे यंग्ज मॉड्युलस, धरू २,००,०००. सळई किती लांबेल? इथे गणिताने नेमकं उत्तर काढता येतं: ०.६९३ मिलिमीटर. हा आकडा बाजूला लिहून ठेवा.

आता समजा हे गणित आपल्याला येत नाही. मग काय करायचं? सळई म्हणजे एक स्प्रिंग आहे असं धरायचं. क्षेत्रफळ सरासरी, ७५०. स्प्रिंगचा ताठरपणा म्हणजे ई गुणिले क्षेत्रफळ भागिले लांबी, तो आला १,५०,०००. लोडला त्याने भागलं की ०.६६७ मिलिमीटर. एका एलिमेंटचं मॉडेल झालं! चूक चार टक्क्यांच्या आत.

सळईचे दोन तुकडे करा. एकाचं क्षेत्रफळ ८७५, दुसऱ्याचं ६२५, दोन स्प्रिंगा एकीला एक जोडलेल्या. उत्तर ०.६८६. चार तुकडे केले तर ०.६९१. म्हणजे खऱ्या उत्तराच्या अगदी दारात.

सॉफ्टवेअर आत एवढंच करतं. तुमच्या भागाचे तुकडे पाडतं, ते झाले एलिमेंट. तुकडे जिथे जोडले जातात ते नोड. प्रत्येक तुकड्याचा ताठरपणा काढतं, सगळे मिळून एक भलंमोठं मॅट्रिक्स बनवतं आणि प्रत्येक नोड किती सरकला ते सोडवतं. आपल्याकडे चार अज्ञात होते, खऱ्या मॉडेलमध्ये लाखो असतात. फरक आकाराचा, जातीचा नाही. आणि बघा, तिन्ही उत्तरं खऱ्यापेक्षा कमीच आली. तो योगायोग नाही. तुकड्याने आपण ठरवलेल्या साध्या पद्धतीनेच लांबावं, अशी आपण त्याच्यावर सक्ती केली. सक्ती केली की वस्तू असते त्यापेक्षा ताठर वागते.

आता मजा बघा. आपण लांबी तपासली, स्ट्रेस तपासलाच नाही. बारीक टोकाला खरा स्ट्रेस किती? १,००,००० भागिले ५००, म्हणजे २००. एका एलिमेंटने काय सांगितलं? भागिले ७५०, म्हणजे १३३. तेहतीस टक्के कमी! चार एलिमेंट केले, लांबीतली चूक पाव टक्क्याच्या आसपास आली, तरी टोकाच्या तुकड्यातला स्ट्रेस १७८ च निघतो. अजून ११ टक्के कमी. लांबी लवकर बरोबर येते, स्ट्रेस रखडत येतो. मला विचाराल तर या व्हिडिओतली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. सॉफ्टवेअर आधी सरकणं काढतं, आणि त्याच्यावरून, म्हणजे ते किती वेगाने बदलतंय यावरून, स्ट्रेस काढतं. त्यामुळे ‘डिफ्लेक्शन (भाग किती सरकला ते) टेस्टशी जुळलं, म्हणजे स्ट्रेसही बरोबर असणार’ हे वाक्य कानावर आलं की मी सावध होतो.

थोडा इतिहास, पटकन. त्रिकोणी तुकडे पाडून उत्तर काढायची कल्पना रिचर्ड कूरांट या गणितज्ञाने १९४३ च्या लेखात मांडली होती, पण ती राबवायला कॉम्प्युटर नव्हते. पुढे विमानांचे पंख त्रिकोणी होऊ लागले आणि जुन्या पद्धती तोकड्या पडल्या. बोइंगमधल्या त्या कामातून टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा १९५६ चा लेख आला. ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव क्लफ यांनी १९६० मध्ये दिलं. मग नासाने नास्ट्रान हे सॉफ्टवेअर लिहून घेतलं, १९७० मध्ये अॅन्सिस या दुसऱ्या सॉफ्टवेअरची सुरुवात झाली, १९७८ मध्ये अॅबॅकस या तिसऱ्याच्या मागची कंपनी उभी राहिली. नावं आजही तीच ऐकू येतात. आतलं गणितही बऱ्याच अंशी तेच आहे, रंग तेवढे सुंदर झाले.

या रंगांवर माझा थोडा राग आहे.

(स्क्रीनवर तोच ब्रॅकेट. आधी गुळगुळीत रंग, मग प्रत्येक एलिमेंटचा वेगळा रंग, चौकटीचौकटींचा.)

डावीकडचं चित्र सॉफ्टवेअर आपण होऊन दाखवतं. उजवीकडचं आपल्याला मागावं लागतं. स्ट्रेस प्रत्येक एलिमेंटच्या आत निघतो, आणि शेजारच्या दोन एलिमेंटांचा एकाच नोडवरचा आकडा सहसा जुळत नाही. डाव्या चित्रात सॉफ्टवेअरने त्यांची सरासरी घेऊन रंग पसरवलेत. आपल्या सळईत टोकाचा तुकडा १७८ म्हणत होता, त्याच्या शेजारचा १४५. सरासरी घेतली की मधे १६२ असा छान, शांत आकडा दिसतो आणि ३३ चं भांडण झाकून जातं. म्हणून सरासरी बंद करा. शेजारी शेजारी आकडे फार उड्या मारत असतील तर तिथे मेश कमी पडतोय. हे बटण बहुतेक पॅकेजमध्ये असतं, आणि ते न दाबता बनवलेले रिपोर्ट मी भरपूर पाहिलेत. माझेही त्यात आहेत.

आता कोपऱ्याकडे येऊ. २००, २७४, ३७६, ५१५. पुढच्या आकड्याला मागच्याने भागून बघा. प्रत्येक वेळी १.३७ च्या आसपास येतं. आकडे भरकटत नव्हते, शिस्तीत चढत होते. मी ब्रॅकेट काढताना आतला कोपरा अगदी टोकदार ठेवला होता, त्रिज्या शून्य. अशा कोपऱ्यात इलॅस्टिक समीकरणाचं उत्तरच अनंत आहे. विल्यम्स यांनी १९५२ मध्ये हे गणित मांडलं, आणि काटकोनी कोपऱ्यासाठी त्यातून हाच हिशोब निघतो: एलिमेंट निम्मा केला की स्ट्रेस सुमारे १.३७ पट. सॉफ्टवेअर बिचारं अनंताकडे प्रामाणिकपणे चालत होतं आणि मी त्याला आणखी बारीक पावलं टाकायला लावत होतो. रात्रभर बसलो असतो तरी पोहोचलो नसतो.

खऱ्या ब्रॅकेटला शून्य त्रिज्या नसते. कटरचं टोक गोल असतं, ओतकामात कोपरा गोलच येतो. ड्रॉइंगमध्ये कोपऱ्याला जो फिलेट, म्हणजे गोलाई, होता तो मी ‘बारीकसाच तर आहे’ म्हणून उडवला होता. तो परत टाकला आणि दोन मेशमध्ये आकडा जागेवर बसला.

यावरून ‘कोपऱ्यातला लाल रंग खोटाच असतो’ असं म्हणून मोकळे होऊ नका. रुंद प्लेटला मधे लहान गोल भोक पाडून ओढा. भोकाच्या कडेला स्ट्रेस तिप्पट होतो. किर्श यांनी हे १८९८ मध्येच काढून ठेवलंय. तिथेही लाल दिसतं, पण मेश बारीक करत गेलात की आकडा तीनपटीजवळ येऊन थांबतो. हा लाल खरा. तिथून फटीग क्रॅक, म्हणजे पुन्हा पुन्हा लोड येऊन पडणारी चीर, सुरू होऊ शकतो. थांबतो का पळतो, एवढं बघायचं.

एलिमेंटच्या प्रकाराबद्दल एकच सांगतो. ऑटोमेश केलं, म्हणजे तुकडे पाडायचं सॉफ्टवेअरवरच सोडलं, की बहुतेक वेळा टेट मिळतात, चार त्रिकोणी बाजूंचे पिरॅमिड. चार नोडचा टेट असेल तर त्याच्या आत स्ट्रेन, म्हणजे ताणलं जाण्याचं प्रमाण, सगळीकडे एकच. बेंडिंगमध्ये वरचा थर ताणला जातो, खालचा दाबला जातो. हे तो एकटा दाखवणार कसा? पातळ पट्टीत असा एकच थर टाकला तर पट्टी वाकायलाच तयार होत नाही. दहा नोडचा टेट घ्या. वेळ जास्त लागतो, लागू द्या.

हे सगळं शाळकरी वाटत असेल तर एक घटना सांगतो. नॉर्वे, २३ ऑगस्ट १९९१. उत्तर समुद्रातल्या स्लाइपनर ए या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा प्रचंड पाया स्टावांगरजवळच्या फ्योर्डमध्ये पाणी भरून खाली उतरवत होते. पाया म्हणजे २४ उभ्या पोकळ नळकांड्या एकमेकींना चिकटलेल्या. तीन नळकांड्या जिथे भेटतात तिथे मधे एक लहान तिकोनी पोकळी उरते, आणि तिच्यात समुद्राचं पाणी. पाण्याच्या दाबाने त्या पोकळीची भिंत फुटली आणि अख्खा पाया बुडाला. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर.

चौकशीत निघालं की नास्ट्रानच्या मॉडेलमध्ये नेमक्या या तिकोनी जागेचा मेश खडबडीत आणि वेडावाकडा होता. त्या भिंतींमधला शिअर स्ट्रेस (थर एकमेकांवरून सरकवू पाहणारा स्ट्रेस) ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला होता, आणि काँक्रीटमधल्या सळयांची मांडणीही तिथे अपुरी पडली. नंतर नीट मेश घेऊन गणित केलं तर उत्तर आलं, ६२ मीटर खोलीवर फुटेल. प्रत्यक्षात फुटला ६५ मीटरवर. सॉफ्टवेअरला येत होतं हो! त्याला नीट विचारलं नव्हतं.

म्हणून रन संपला की मी स्ट्रेसचं चित्र सगळ्यात शेवटी उघडतो. आधी रिअॅक्शनची, म्हणजे आधार उलट जे बल देतात त्यांची, बेरीज. लोड दिला १,००,०००, तर आधारांवर तेवढंच परत यायला हवं. नसेल तर लोड कुठेतरी सुटलाय किंवा दोनदा लागलाय. मग विकृत आकार, आणि तो किती पट फुगवून दाखवलाय तो आकडा. नवख्या माणसाला केळीसारखा वाकलेला बीम दिसतो आणि तो हबकतो, स्केल असतं ५००. मग बघायचं, जिथे धरलंय तिथे खरंच तसं धरलेलं असतं का? आपण ‘फिक्स्ड’ वर टिचकी मारतो तेव्हा तिथे जगातला सगळ्यात ताठर आधार आहे असं सांगत असतो. खरा बोल्ट थोडा ताणला जातो, त्याच्या खालचा पत्रा थोडा वाकतो.

आणि एककं! अॅबॅकस आणि कॅल्क्युलिक्स ही सॉफ्टवेअरं एककं विचारतच नाहीत. मिलिमीटर आणि न्यूटनमध्ये काम करत असाल तर वस्तुमान टनात जातं, स्टीलची घनता ०.००००००००७८५. दशांशचिन्हानंतर आठ शून्यं, मोजून घ्या. तिथे ७८५० टाकलं तर सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही, नॅचरल फ्रिक्वेन्सी (वस्तू धक्का दिल्यावर आपण होऊन ज्या वेगाने थरथरते ती) मात्र दहा लाखाव्या भागाएवढी होऊन बाहेर येते.

कोणतं सॉफ्टवेअर शिकू, असं हमखास विचारलं जातं. जे हाताशी असेल ते. काहीच नसेल तर कॅल्क्युलिक्स फुकट आहे आणि त्याची इनपुट फाइल अॅबॅकसच्या वळणाची असते, पुढे उपयोगी पडते. पहिल्यांदा ब्रॅकेट, गिअर वगैरे घेऊ नका, आपली ती बारीक होत जाणारी सळईच घ्या. आठ एलिमेंट टाका, प्रत्येकाला त्याच्या मधलं क्षेत्रफळ द्या. लांबी ०.६९३ आणि टोकाच्या एलिमेंटमध्ये स्ट्रेस १८८ आला पाहिजे. आला नाही तर आधी क्षेत्रफळाचा रकाना बघा. मी पहिल्यांदा तिथे व्यास भरला होता.