किती सेकंद थांबला?

(नाशिक, पंचवटी, बाजार समितीचं आवार. टोमॅटोचा लिलाव.)

निळ्या शर्टातल्या व्यापाऱ्याकडे बघा. आकडा पुकारला की लगेच मान हलवतो. त्याच्या मागचा गप्प आहे, मोबाइल चाळतोय. माल त्यालाच हवाय. वडिलांबरोबर टोमॅटोच्या गाडीतून इथे येणारा मुलगा हे लहानपणापासून बघत आला.

(गंगापूर रोड. रात्र. खोली, स्क्रीन, वही.)

पोकरच्या या टेबलावर चेहरेच नाहीत. सहा टोपणनावं, आणि ज्याची पाळी त्याच्या नावाखाली सरकणारी वेळेची पट्टी. मुलाची नजर पानांपेक्षा त्या पट्टीवर जास्त.

वहीत तीन रकाने: किती सेकंद, पॉटच्या (डावात मध्ये जमलेल्या पैशांच्या) किती बेट, शेवटी काय निघालं. पहिले तीसेक डाव तो जपून खेळतो आणि लिहीत राहतो. एखाद्याला उशीर झाला तर नेट अडकलं असेल, नाहीतर तो चार टेबलं एकदम खेळत असेल. ज्याचा वेग त्याच्या नेहमीच्या वेगाशीच ताडायचा. खरी मेहनत इथे आहे.

हा डाव बघा. टेबलावर सगळ्यांसाठी उघडी पानं: बदाम दश्शी, बदाम सत्ती, किलवर दुर्री. मुलाच्या हातात एक्का-दश्शी. त्याने बेट लावली, म्हणजे पैसे टाकले; समोरून सेकंदाच्या आत कॉल, म्हणजे तेवढेच पैसे. पानं भारी असती तर वाढवू का, याचा विचार झाला असता. फालतू असती तर सोडू का, याचा. म्हणजे बहुधा मधली जोडी, किंवा पाच बदाम पूर्ण व्हायला आणखी एका बदामाची वाट.

टेबलावर पुढचं पान, चौकट राणी. दोघेही चेक, कुणीच काही लावलं नाही. शेवटचं पान, इस्पिक तिर्री. बदाम आलंच नाही. आता समोरचा बारा सेकंद थांबतो आणि पूर्ण पॉटएवढी बेट टाकतो. वहीत बघा: चांगल्या पानांवर समोरचा अर्ध्या पॉटच्या वर कधी गेलेला नाही.

कॉल.

समोरच्याची पानं: बदाम गुलाम, बदाम नव्वी. साधी जोडीसुद्धा नाही. पोकरला निव्वळ नशीब म्हणणाऱ्यांनी ही वही एकदा चाळावी.

(वहीचं शेवटचं पान. दारात आई.)

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कायदा केला, पैसे लावून खेळायचं ऑनलाइन पोकर बंद झालं. तोवर गेलेल्या पैशांचा आकडा या पानावर आहे, घरी तो नंतर कळला.

(नवी वही. पट्टीने आखलेले रकाने.)

आता पैशांऐवजी फुकटच्या चिप्स. त्यांवर कुणी जपून खेळत नाही, दोन फालतू पानांवरही सगळं लावतात. जुन्या नोंदी इथे चालत नाहीत. पहिले तीसेक डाव, परत लिहायचं.