जीन: कपाशीच्या मुलखातला एक शब्द

नमस्कार मंडळी.

दिवाळीत नातीला घरच्या गोष्टी सांगत होतो. म्हटलं, आमचे अण्णा कपाशीच्या हंगामात दोन-दोन रात्री जीनमध्ये काढायचे. ती कपाशीच्या मुलखाबाहेर जन्मलेली, बारा वर्षांची. जरा घाबरतच म्हणाली, "आजोबा, ते इतकी दारू प्यायचे?" अण्णांनी जन्मात विडीसुद्धा ओढली नाही. तेव्हापासून हा शब्द मनातून जात नाही.

इथे जळगाव, धुळे, नंदुरबारचे जे आहेत, त्यांना जीन म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी: कापसातून सरकी, म्हणजे त्याचं बी, वेगळी काढणारा कारखाना. फाटकापासून पार रस्त्यापर्यंत बैलगाड्यांची रांग. नंबर लागेपर्यंत गाडीतल्या कापसावरच गोधडी ओढून झोपायचं. आत रात्रभर घरघराट. चामडी रोलर तंतू ओढून घेतो, सुरी सरकीला अडवते, सरकी खाली आणि रुई पुढे. सकाळी अण्णा परतायचे तेव्हा भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पांढरी लव असायची. माय त्यांना ओसरीवरच थांबवून फडक्याने झटकायची, मगच चहा.

हा शब्द म्हणजे 'इंजिन'चा तुकडा. फ्रेंचमधून इंग्रजीत आला, पण मूळ लॅटिन 'इंजेनियम', म्हणजे जन्मजात बुद्धी, हिकमत. हिकमतीने केलेलं ते यंत्र. जुन्या इंग्रजीत शिकाऱ्याच्या फाशालाही जिनच म्हणत, कारण तीही हिकमतच. 1793 मध्ये अमेरिकेत एली व्हिटनीने कापसाचं जिन बनवलं. त्याने तिकडे कापूस अफाट वाढला आणि त्याच्याबरोबर गुलामगिरीही, हे विसरता येत नाही. पुढे 1861 ते 1865 तिथे यादवी पेटली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा खानदेशाच्या कपाशीला भाव आला. व्हिटनीचं यंत्र तारेच्या दात्यांचं होतं, आपल्याकडे रोलरचंच रुजलं.

दारूच्या जिनचा याच्याशी काही संबंध नाही. ते डच 'येनेव्हर'चं आखूड रूप, ज्युनिपरच्या फळांवरून पडलेलं. जीन्सची पँटही वेगळ्या घरची. इटलीतल्या जिनोआ बंदराला फ्रेंच लोक 'जेन' म्हणतात, तिथल्या जाड कापडाचं ते नाव. आणि सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याच्या पाठीवर दिसतं ते जीन सरळ फारसीतून आपल्याकडे आलेलं. नातीच्या वहीत मी हे सगळं लिहून दिलं.

चौथा जीन मात्र जवळचा निघाला. आनुवंशिकतेचा, ज्याला आपण जनुक म्हणतो. 1909 मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ योहानसेन यांनी ग्रीक धातूवरून तो शब्द घडवला. तो ग्रीक धातू, 'इंजेनियम'मधला 'जेन' आणि आपल्या संस्कृतातला 'जन्', जन्म-जनक-जननीतला, हे तिन्ही एकाच मुळाचे. म्हणजे कारखान्यातलं जीन आणि बियाण्यातला जीन सख्खे नसले तरी चुलत आहेतच. आणि खानदेशात ते एकाच पिकात भेटले! 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, मातीतल्या एका जिवाणूचा, बोंडअळीला मारणारा जीन बियाण्यात आला. गुलाबी बोंडअळीने पुढे त्यालाही जुमानलं नाही, तो भाग वेगळा. पण शेतकऱ्याच्या पोराला आज दोन्ही शब्द ठाऊक असतात.

मला इंजिनीयरिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा अण्णांनी जीनच्या आवारात हमाल-मापाड्यांसकट सगळ्यांना पेढे वाटले होते. इंजिनीयर आणि जीन हे एकाच घरचे शब्द, हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. आज ते सांगायला अण्णा नाहीत.

नातीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या खाली पडलेल्या सरकीचं काय व्हायचं?" म्हटलं, तिचं तेल निघायचं, आणि उरलेली ढेप आपल्या गायीला. मग गायीचं नाव विचारलं. तांबू.