नऊ तारखेची लस

(दृश्य : प्राथमिक आरोग्य केंद्र. औषधांच्या खोलीत उघडणारं दार.)

निवेदन :

सकाळची पहिली नोंद रुग्णाची नसते, पेटीची असते. कोपऱ्यातल्या या पांढऱ्या पेटीला, म्हणजे लसी थंड ठेवणाऱ्या खास फ्रीजला, इथे सगळे ‘आयएलआर’ म्हणतात. सिस्टर आधी तापमान बघतात आणि तक्त्यावर लिहितात. आकडा 2 ते 8 अंशांच्या आत हवा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, रविवार असो वा दिवाळी.

फ्लूची लस उन्हानं खराब होते हे कुणालाही पटतं. पण ती गोठली तरी वाया जाते. म्हणून आइसपॅक फ्रीझरमधून काढून लगेच कॅरिअरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या डब्यात, ठेवत नाहीत. थोडा वेळ बाहेर ठेवतात, त्याला घाम सुटू देतात. हलवल्यावर आत पाणी वाजलं की तो आइसपॅक चालतो. ही परीक्षा सिस्टर कानानंच घेतात.

(दृश्य : व्हरांड्यातली बाकं. गरोदर महिला, सोबत सासू किंवा आई. आशाताई कार्डं गोळा करताहेत.)

आज महिन्याची 9 तारीख, सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस. वजन, रक्तदाब, एचबी, पोटाची तपासणी. लोहाच्या गोळ्या. आणि पाचवा-सहावा महिना लागलेल्यांसाठी आणखी एक इंजेक्शन.

“सिस्टर, टीटी तर मागल्याच महिन्यात झालं. हे कशाचं?”

“हे फ्लूचं गं. स्वाइन फ्लू म्हणतात ना, त्याचं.”

सासूबाई पुढे सरकतात. “पोटातल्या बाळाला काही होणार नाही ना?”

“बाळासाठीच देतोय आई. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही. त्याला जे मिळायचं ते आईच्याच रक्तातून मिळतं.”

सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे. तो विचारला जातो आणि समोरचं माणूस थांबून उत्तर देतं, म्हणूनच या व्हरांड्याचं महत्त्व. या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यानं फ्लू होत नाही. दंड दुखतो, कुणाला एखाद-दोन दिवस कणकण वाटते. इंजेक्शननंतर अर्धा तास इथेच बसायचं. क्वचित कुणाला तीव्र ॲलर्जी झालीच, तर ती आवरणारं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाताशी असतं.

(दृश्य : जुनी छायाचित्रं, मुंबई बंदर.)

गरोदर बाईला फ्लू जड का जातो? वाढलेलं गर्भाशय छातीचा पडदा वर ढकलतं, फुप्फुसांना जागा कमी पडते आणि प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. शरीराची प्रतिकाराची रीतही या महिन्यांत बदलते. त्यात न्यूमोनिया झाला, तर हाताशी वेळ फार कमी उरतो.

1918 च्या जूनमध्ये फ्लू मुंबईच्या बंदरातून देशात शिरला आणि पावसाळा सरता सरता दुसऱ्या लाटेनं गावंच्या गावं झोपवली. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं गेली, आणि पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. 2009 मध्ये स्वाइन फ्लूनं पुणं हादरलं, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. त्याही साथीत जगभर गरोदर बायका अधिक गंभीर आजारी पडल्या. 2015 मध्ये पुन्हा मोठी साथ आली. त्यानंतर महाराष्ट्र सरकारनं गरोदर महिला, मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण, आणि आरोग्य कर्मचारी यांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. राष्ट्रीय लसीकरणाच्या वेळापत्रकात फ्लूची लस नसताना राज्यानं उचललेलं हे पाऊल फार मोलाचं आहे, आणि ते गावागावांत अजून पुरतं माहीत नाही याचं वाईट वाटतं.

(दृश्य : 2021. मास्क लावलेली रांग, टोकन.)

मग कोविड आला. 16 जानेवारी 2021 ला देशात लसीकरण सुरू झालं. आधी आरोग्य कर्मचारी, मार्चपासून ज्येष्ठ, एप्रिलमध्ये पंचेचाळीसच्या पुढचे, मे महिन्यात अठराच्या पुढचे सगळे. गरोदर महिलांना परवानगी मिळाली 2 जुलैला. सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये त्यांना घेतलंच नव्हतं, त्यामुळे लस सुरक्षित आहे असं सांगायला पुरेशी माहिती नव्हती. एप्रिल-मे मधली दुसरी लाट नेमकी त्या मधल्या काळात आली. बाईला धोक्यापासून जपायचं म्हणून चाचणीबाहेर ठेवलं आणि तिच्या वाट्याला आजाराचा धोका तेवढा उरला. हे पुन्हा होता कामा नये.

परवानगी आली तरी भीती गेली नव्हती. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस, आणि उघडलेली कुपी चार तासांत संपवायची. नऊ माणसं जमायची आणि दहाव्यासाठी आशाताई वाडीवर निघायच्या. त्या वर्षी गावानं हीच कॅरिअर आणि याच सिस्टर रोज पाहिल्या. आज फ्लूच्या लसीला जो विश्वास मिळतो, त्यातला बराचसा तेव्हाचा आहे.

(दृश्य : पुणे, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था.)

“मागल्या बाळंतपणात घेतलं होतं की,” एक ताई म्हणतात. तरी पुन्हा घ्यावं लागतं. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो आणि लसीनं आलेली ताकदही काही महिन्यांत ओसरते. जगभरच्या प्रयोगशाळा रुग्णांचे नमुने तपासत असतात, त्यांत पुण्याची ही संस्थाही आहे. कोव्हॅक्सिनसाठीचा विषाणू इथेच वेगळा केला होता. प्रयोगशाळांच्या माहितीवरून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, लसीत कोणते विषाणू घ्यायचे ते सुचवते. कोविडच्या काळात लोक घरात बसले आणि फ्लूचा एक वंश, बी-यामागाता, मार्च 2020 नंतर कुठे खात्रीनं सापडलेलाच नाही. म्हणून चार विषाणूंची लस आता पुन्हा तिनांवर येते आहे.

अंदाज दर वर्षी तंतोतंत जुळत नाही. चांगला जुळला, तर डॉक्टरकडे जावं लागेल इतकं आजारपण येण्याचा धोका साधारण 40 ते 60 टक्क्यांनी कमी होतो. आईच्या आणि बाळाच्या बाबतीत मला हा आकडा लहान वाटत नाही.

लस कधी घ्यायची, ते जागेप्रमाणे बदलतं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आजी-आजोबांना शरद ऋतूत, वयात बसत असतील तर, फ्लूची आणि कोविडची लस एकाच भेटीत, दोन दंडांवर मिळते. तिथला फ्लू थंडीतला. आपल्याकडे मोठी लाट पावसाबरोबर येते, जुलै ते सप्टेंबर. तिकडे लस घ्यायला ऑक्टोबर चालतो, इकडे तो उशिराचा ठरतो.

(दृश्य : सिस्टर कार्डावर नोंद करताहेत.)

टोचल्यावर ताकद यायला दोन आठवडे लागतात. मे महिन्याच्या 9 तारखेला लस या पेटीत असली, तर पावसाआधी तेवढा वेळ मिळतो. जुलैत आली, तर या बाकावरच्या बायकांना आजारानं आधीच गाठलेलं असतं. त्यासाठी आरोग्य केंद्राची मागणी एप्रिलमध्येच तालुक्याला जायला हवी, आणि जिल्ह्यानं ती तितक्याच लवकर पुरी करायला हवी.