चपलेच्या ठशावर पंजा

नमस्कार श्रोतेहो.

जंगलाला लागून राहायला गेलं की ओळखीचे लोक एकच विचारतात, "काय काय दिसतं हो तिकडे?" माझं उत्तर ऐकून ते हिरमुसतात. कारण दिसत फारसं काहीच नाही. आवाज येतो, वास येतो, सकाळी मातीत काहीबाही उमटलेलं असतं. समोरासमोर गाठ पडते ती वर्षाकाठी दोन-चारदा, आणि तीही चार-पाच सेकंदांची.

त्यातली पहिली गाठ साळिंदराची. रात्री फाटक लावायला बाहेर पडलो होतो. टॉर्च हातात होता, पण लावला नव्हता. चांदणं आहे, कशाला लावा, हा माझा शहाणपणा. तेवढ्यात कुंपणाच्या कडेला खळखळ ऐकू आली, वाळलेल्या बोरूंची जुडी कुणी जोरात हलवावी तशी. मी जागच्या जागी थिजलो. टॉर्च लावला तर हातभर उंचीचं, काटे फुलवलेलं साळिंदर, आणि तेही पाठमोरं! मला वाटलं, पळायच्या बेतात असेल. तसं नसतं. घाबरलं की साळिंदर शत्रूकडे पाठ करतं आणि शेपटीवरचे पोकळ काटे थरथरवून तो आवाज काढतं. ती ताकीद. ती ऐकली नाही, तर ते उलट्या पावली अंगावर येतं. काटे फेकून मारतं म्हणतात, ते मात्र खोटं. काटे म्हणजे जाड, राठ झालेले केसच. अंगाला लागले की रुततात आणि त्याच्या कातडीतून सुटून येतात. मी दोन पावलं मागे सरलो. आवाज थांबला, आणि ते कुंपणाखालून निघून गेलं.

सकाळी जाऊन पाहिलं, तर कुंपणाखाली खळगा होता. त्याची कड घासून घासून गुळगुळीत झालेली. एका रात्रीत असं होत नाही. म्हणजे ती त्याची रोजची वाट होती. आदल्या रात्री अवेळी तडमडलो होतो तो मी.

दुसरी गोष्ट त्याहून साधी आहे, पण अजून आठवली की अंगावर काटा येतो. पाऊस पडून गेलेला, पायवाट ओली. सकाळी निघालो तर कालचेच माझे चपलांचे ठसे समोर होते, आणि त्यातल्या एका ठशाच्या टाचेवर बरोब्बर बिबट्याचा पंजा. चार बोटं, मागे तीन उंचवट्यांची गादी आणि नखांची खूण नाही. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात. बिबट्या चालताना ती आत ओढून घेतो. पाचावर धारण बसली म्हणतात ना, तसं झालं. हा माझ्या मागावर होता की काय? मग शांतपणे विचार केला. ठसे पुढे कुठेही रेंगाळले नव्हते, एका चालीने गेले होते. झाडोऱ्यातून अंग ओढत जाण्यापेक्षा मोकळी वाट त्यालाही सोपीच. संध्याकाळी मी त्या वाटेने घरी आलो, आणि ती मोकळी झाल्यावर तो गेला.

2018 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. सहा खंडांतल्या सस्तन प्राण्यांच्या 62 जाती, त्यांच्यावरचे 76 अभ्यास एकत्र करून पाहिलेले. जिथे माणसाचा वावर जास्त, तिथे प्राण्यांचं रात्रीचं हिंडणं सरासरी 1.36 पट वाढलेलं आढळलं. गंमत म्हणजे बंदूक घेऊन आलेला माणूस आणि नुसताच भटकायला आलेला माणूस, दोघांनाही प्राणी साधारण सारखंच टाळतात. आपण म्हणतो, "मी तर कुणाला त्रास देत नाही." त्यांना ते कसं कळणार?

सापांचं थोडं वेगळं. साप वेळापत्रक सांभाळत नाही, तो उंदरांमागे येतो. आणि उंदीर मीच बोलावले होते. खरकटं घरामागे टाकायचो, खत होईल म्हणून. महिनाभरात उंदरांनी बिळं केली, आणि एक दिवस सरपणाच्या ढिगात पिवळसर, लांबलचक काहीतरी सरकलं. नाग समजून मी काठी उचललीही होती. सुदैवाने शेजारी जाणकार होते, म्हणाले, "अहो, धामण आहे, बिनविषारी. काठी खाली ठेवा आणि आधी तो उकिरडा हलवा." काठी ठेवताना मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

तरी सापाशी हयगय नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगभरात दरवर्षी 81 हजार ते 1 लाख 38 हजार माणसं सर्पदंशाने दगावतात. सापाला बाहेरून कान नसतात, पण जमिनीची थरथर त्याला नेमकी कळते, म्हणून अंधारात पाय जरा आपटत चालावं. लाकडाखाली, दगडाखाली न बघता हात घालू नये. आणि चावलाच, तर जखम कापणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं यातलं काहीही न करता, तो अवयव न हलवता, थेट दवाखाना गाठावा.

बिबट्या समोर आला तर काय करायचं, हेही लोक विचारतात. पळायचं नाही, वाकायचं नाही, खाली बसायचं नाही. ताठ उभं राहून, त्याच्यावर नजर ठेवून हळूहळू मागे सरायचं, आणि त्याला जायला वाट मोकळी ठेवायची. मला ते करावं लागलेलं नाही. ठशांवरच भागलंय.

साळिंदराचा तो खळगा मी तेव्हा दगड घालून बुजवला होता. तीन दिवसांत त्याने हातभर पलीकडे दुसरा उकरला. तो मी तसाच राहू दिलाय. फाटक लावायला मात्र आता दिवेलागणीलाच जातो, टॉर्च लावून.

नमस्कार.