करपा पानाच्या कडेनेच का येतो?

मंडळी, भाताच्या कडा करप्याची भारतातली पहिली नोंद आपल्याच जिल्ह्यातली आहे. १९५१ साली, म्हणजे रायगडला कुलाबा म्हणत तेव्हाची. १९६३ मध्ये बिहारच्या शहाबाद जिल्ह्यात त्याची मोठी साथ आली. एवढी जुनी ओळख असूनही पान पिवळं दिसलं की आपण म्हणतो, युरिया कमी पडला, आणि आणखी मूठभर फेकतो. इथेच घात होतो, कारण नत्र जास्त झालं की हा रोग भडकतो.

पहाटे खाचरात गेलात की पानाच्या टोकाला, कडेला थेंब दिसतात. ते सगळंच दव नसतं. रोपाने रात्रभर मुळातून ओढलेलं जादा पाणी कडेच्या बारीक छिद्रांतून बाहेर येतं. कडा करपा ज्याच्यामुळे होतो तो जिवाणू त्याच थेंबात असतो आणि त्याच छिद्रातून आत शिरतो. आत पाणी वाहणाऱ्या नळ्या त्याला आयत्याच मिळतात. म्हणून करपलेला पट्टा टोकाकडून, कडेकडून खाली उतरतो. त्याची आतली कड नागमोडी असते. नळीत बसलेल्या जिवाणूपर्यंत वरची फवारणी पोचत नाही, त्यामुळे फवाऱ्यावर माझा फारसा भरवसा नाही.

खात्री करायची तर पट्टा आणि हिरवा भाग दोन्ही येतील असा पानाचा तुकडा कापा आणि काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात त्याचं कापलेलं टोक बुडवून धरा. थोड्या वेळात टोकातून दुधाळ धार उतरली, तर जिवाणूच. नुसत्या उन्हाने वाळलेल्या पानातून ती निघत नाही.

आता बियाणं. हा जिवाणू दाण्याच्या तुसात सापडतो, हे पक्कं. तुसातून तो दरवेळी नव्या रोपात उतरतो का, यावर अभ्यासकांत वाद आहे. धसकटं, पेंढा, बांधावरचं गवत, खाचराखाचरांतून फिरणारं पाणी या त्याच्या दुसऱ्या वाटा आहेतच. पण वाद आहे म्हणून करपलेल्या खाचरातलं बी राखायचं, हे मला अजिबात पटत नाही. घरचं बी वापरणार असाल तर दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ते ओता. वर येईल ते पळिंज, म्हणजे पोकळ दाणे, काढून टाका, बुडालेलं बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवा. मिठाने जिवाणू मरत नाही. पोचट, रोगट दाणे वेगळे होतात. तेवढंही पुष्कळ आहे.

आणि कळकळीने सांगतो, लावणीला रोपं उंच झाली म्हणून मुठी धरून शेंडे छाटू नका. छाटलेलं प्रत्येक पान म्हणजे उघडी जखम, आणि एका रोगट मुठीवरून फिरलेला कोयता पुढच्या मुठींनाही रोग लावतो. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांत चूडच्या चूड, म्हणजे एका जागी लावलेला रोपांचा अख्खा झुबका, कोमेजला, तर खोडकिडा म्हणून सोडून देऊ नका; तो हाच रोग असू शकतो. रोप उपटा, बुंध्याकडे कापा आणि बोटांनी दाबा. पिवळसर चिकट स्राव आला, तर तो चूड बांधावर टाकू नका. खाचराबाहेर नेऊन जाळा.