टाय घालू नका, नेसा

(ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका सभागृहात शनिवारी संध्याकाळी झालेलं व्याख्यान, थोडं काटछाट करून.)

मंडळी, विषय फळ्यावर लिहिलाय : 'आपल्या अंगकाठीला शोभेल असा टाय'. वाचून दोघं जण दारातूनच परत गेलेले मी पाहिले. उरलेल्यांचे आभार. बाहेर पस्तीस डिग्री, आत पंखा तीनवर, आणि हा माणूस गळ्याला फास आवळून उभा. पण एकतीस वर्षं औषध कंपनीत एम.आर., म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारा प्रतिनिधी, म्हणून काढली. टाय नसला तर अजून गळा उघडा पडल्यासारखा वाटतो.

मुद्द्याआधी एक गाऱ्हाणं. आपल्या शाळा पोरांना इलॅस्टिकचा टाय देतात. गाठ कारखान्यातच मारलेली, पोराने फक्त डोकं घालायचं. दहा वर्षं पोर रोज टाय लावतं आणि दहावीनंतर त्याला गाठ येत नाही! सायकलला कायम बाजूची चाकं लावून ठेवण्यातला प्रकार. मग कँपस इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री अकरा वाजता आमच्या दाराची बेल वाजते. आमच्या सोसायटीत रात्री-अपरात्री लोक दोघांकडे जातात, एक डॉक्टर आणि दुसरा मी. (हशा.)

मी स्वतः काही वेगळा नव्हतो. 1984 साली नोकरी लागली तेव्हा गाठ दुकानदाराने मारून दिली आणि बजावलं, 'सोडू नका.' नाही सोडली. रात्री सैल करून डोक्यावरून काढायची आणि खिळ्याला अडकवायची. तीन महिने एकच गाठ. माझी उंची पाच फूट चार इंच. दुकानातला टाय सत्तावन्न-अठ्ठावन्न इंचांचा, म्हणजे दीड वाराहून थोडा जास्त. टोक कुठवर यायचं ते बायका बसल्यात म्हणून सांगत नाही, पण पट्ट्याच्या बरंच खाली.

तर एका सकाळी ठाण्याहून फास्ट लोकल. जाता जाता सांगतो, 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली गाडी आपल्या ठाण्याला आली तेव्हा चौदा डबे आणि चारेकशे पाहुणे होते. भागाकार करा आणि हळहळा. माझ्या डब्याचा भागाकार करण्यात अर्थ नव्हता. मी दोन्ही हात वर करून उभा, खाली माझं टोक मोकळं लोंबतंय. शेजारच्या गृहस्थांनी रेक्झिनच्या बॅगेतून पेपर काढला आणि खर्रकन चेन ओढली. चेनीत माझा टाय. आम्हा दोघांनाही पत्ता नाही.

मला जायचं होतं दादरला. कुर्ला आलं, गृहस्थ उतरले आणि त्यांच्या मागोमाग मीही उतरलो. बाजारातून गाय आणावी तसा. ते म्हणाले, 'अहो, ढकलताय काय?' मी म्हटलं, 'मी ढकलत नाही, तुम्ही ओढताय!' मग दोघांनी खाली पाहिलं. चेन पुढेही जाईना, मागेही येईना. त्यांना हार्बरची गाडी पकडायची होती, ते म्हणाले कापून टाकू. मी म्हटलं, टाय एकच आहे. तेही खरंच होतं, आणि कापला असता तर गाठ पुन्हा मारणार कोण?

शेवटी प्लॅटफॉर्मवरच्या बूटपॉलिशवाल्यापुढे आम्ही जोडीने बसलो. त्याने मेणबत्तीचा तुकडा चेनीवर घासला, दोन झटके दिले, सुटली! पैसे देताना तो म्हणाला, 'साब, मेरेको नीचे से सबका टाय दिखता है. आपका बहुत लंबा है.' मंडळी, टायचं टोक कुठे पडतं हे आरशाला कळत नाही, कारण आरशासमोर आपण मान खाली घालून बघतो आणि मान वाकली की सगळंच हलतं. ते खरं कळतं बूटपॉलिशवाल्याला.

त्या संध्याकाळी हे घरी सांगितलं. बायको हसून लोटपोट. हसणं संपल्यावर ती जे बोलली ते माझं आजचं व्याख्यान. 'सहा वारी साडी पावणेपाच फुटी बाई नेसते, साडेपाच फुटीही नेसते. कुणाचा काठ रस्ता झाडतो का? उरलं ते निऱ्यांत घालायचं.'

लख्ख उजेड पडला. गाठ म्हणजे निऱ्या! आपण तिला शोभेची वस्तू समजतो. ती उरलेलं कापड मुरवायची जागा आहे. म्हणून टाय घालायचा नसतो, नेसायचा असतो…

चिठ्ठी आलीये. 'सात मिनिटं.' अहो, आत्ता कुठे विषय सुरू होतोय! बरं. सतराव्या शतकात फ्रान्सच्या चाकरीतल्या क्रोएशियन सैनिकांच्या गळ्यातलं फडकं, त्यावरून 'क्रॅव्हॅट' हा शब्द, हे सगळं गाळतो. न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फने 1920च्या दशकात टायचं कापड उरेब, म्हणजे तिरकं, कापायला घेतलं, म्हणून तो पीळ न पडता सरळ लोंबतो, एवढंच सांगतो. शिवणाऱ्या बायकांना पटलं, माना हलल्या.

तर पटापट. टोक पट्ट्याच्या बक्कलापाशी. ताठ उभं राहून, श्वास न रोखता. पोट आत ओढून मापलंत तर ऑफिसात श्वास सोडताच टाय वर चढतो. लांबी उंचीवर ठरते म्हणतात ते अर्धंच खरं. पंधरा-सोळा इंच तर गळ्यालाच जातात, जाड मानेला आणखी. मग पोट. सपाट रस्त्यापेक्षा येऊरच्या डोंगरावरून जाणारा रस्ता लांब पडतो, तसा पोटावरून जाणारा टाय तोकडा पडतो. म्हणून मध्यम उंचीच्या पण भारदस्त माणसालाही कधी कधी साठ-बासष्ट इंची लांब टाय लागतो, आणि सहा फुटी काटकुळ्याचं साध्यावर भागतं.

गाठी. 1999 साली केंब्रिजच्या थॉमस फिंक आणि योंग माओ या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी गणित करून पंच्याऐंशी गाठी काढल्या. आपल्याला तीन पुरे. फोर-इन-हँड सगळ्यांत कमी कापड खाते. उंच किंवा पोट सुटलेल्याने तीच मारावी. ती निमुळती असते, त्यामुळे गोल चेहरा आणि आखूड मान थोडी लांब दिसते. हाफ विंडसर मध्यम. फुल विंडसर सगळ्यांत खादाड, लांब मान आणि पसरट कॉलर असेल तर छान दिसते. गंमत म्हणजे जिला त्यांचं नाव आहे ते ड्यूक ऑफ विंडसर, गादी सोडलेले इंग्लंडचे राजे आठवे एडवर्ड, स्वतः ती मारायचेच नाहीत. आत जाड अस्तर घातलेले टाय शिवून घ्यायचे आणि साधी फोर-इन-हँडच मारायचे.

मग माझ्यासारख्या बुटक्याने काय करायचं? कापड उरतंय म्हणून फुल विंडसर मारली तर हनुवटीखाली समोसा दिसतो. आम्ही फोर-इन-हँडलाच एक वेढा जास्त द्यायचा. तरी उरलं तर मागची बारीक शेपटी शर्टाच्या दोन गुंड्यांमधून आत सारायची. ती पुढच्या पदराखालून डोकावता कामा नये. पदराची रुंदी कोटाच्या कॉलरच्या मेळाची ठेवा. गाठ आवळताना खाली बोटाने एक खळी पाडा. आणि काढताना डोक्यावरून ओढू नका, जशी मारली तशी उलटी सोडा.

दुसरी चिठ्ठी. भजनी मंडळ पेटी घेऊन दारात उभं आहे, दिसतंय मला. पहिल्या रांगेतले काका, या वर. पोट आत ओढू नका, आहे तसे उभे राहा. हा माझा टाय. पदर उजवीकडे, एक वेढा… दुसरा… वरून खाली. बघा, बक्कलाच्या वर चार बोटं राहिला. तुमच्यासाठी एक वेढा जास्त झाला. सोडतो. आता एकच. हां, आला बरोब्बर! काका, खाली तबल्यापाशी बसलेल्यांना विचारून घ्या कसा दिसतो ते. आणि जाताना टाय तेवढा परत द्या.