बाकं मांडली, मुलं कुठायत?

जावा या प्रोग्रामिंग भाषेत 'विद्यार्थी' नावाचा क्लास (ऑब्जेक्ट बनवायचा साचा) घेऊ. सहा विषयांचे गुण ठेवायचेत, म्हणून आत ॲरे (एकाच प्रकारच्या किमतींची ठरावीक लांबीची रांग). क्लासमध्ये नुसतं 'इंट[] गुण;' लिहिलंत तर ॲरे तयार होत नाही. तयार होते ती त्याचा पत्ता ठेवायची जागा, आणि त्या जागेत असतो नल, म्हणजे 'काहीच नाही'. ॲरे खरा बनतो 'गुण = न्यू इंट[6]' ही ओळ कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडमध्ये) चालते तेव्हा. (व्हेरिएबलला 'गुण' असं देवनागरी नाव जावात खरंच चालतं. कीवर्ड मात्र इंग्रजीच.)

आता नेहमीची चूक. हाताच्या सवयीने कन्स्ट्रक्टरमध्येही 'इंट[] गुण = न्यू इंट[6]' लिहिलं जातं. पुढे लागलेलं ते 'इंट[]' घात करतं. त्यामुळे त्याच नावाचं लोकल (कन्स्ट्रक्टरपुरतंच टिकणारं) व्हेरिएबल जन्माला येतं, नवा ॲरे त्याच्याकडे जातो आणि फील्ड, म्हणजे क्लासमधलं मूळ 'गुण', नलच राहतं. कंपायलर हूं की चूं करत नाही. नलपॉइंटरएक्सेप्शन (नल वापरायला गेल्याची चूक) येतं ते नंतर, गुण भरणाऱ्या भलत्याच मेथडमध्ये, आणि माणूस तिथेच डोकं खाजवत बसतो. जावा 15 पासून नेमकं काय नल होतं हे संदेशात आपोआप दिसतं, तेवढा दिलासा. पण त्याहून बरा उपाय एका शब्दाचा आहे: फील्ड फायनल (एकदाच किंमत देता येईल असं) करा. मग कन्स्ट्रक्टरने त्यात काही ठेवलं नाही तर प्रोग्राम कंपाइलच होणार नाही.

ॲरेमध्ये ऑब्जेक्ट असतील तर आणखी एक पायरी लागते. 'न्यू इंट[6]' म्हटलं की सहा शून्यं मिळतात. 'न्यू विद्यार्थी[60]' म्हटलं की साठ नल. बाकं मांडून झाली, मुलं आलेली नाहीत. विद्यार्थीचा कन्स्ट्रक्टर अजून एकदाही चाललेला नसतो. 0 ते 59 लूप फिरवून प्रत्येक जागी 'न्यू विद्यार्थी()' ठेवावं लागतं. इथे फॉर-ईच (जागेचा क्रमांक न देता एकेक घटक हातात देणारा) लूप वापरू नका. त्यातलं व्हेरिएबल बदलतं, ॲरेची जागा नाही. सगळ्या जागा एकाच किमतीने भरणारं ॲरेज.फिल तर त्याहून फसवं. त्याला दिलेला 'न्यू' एकदाच चालतो आणि साठही बाकांवर तोच एक विद्यार्थी बसतो. एकाचे गुण वाढवा, अख्ख्या तुकडीचे वाढतात! ॲरेज.सेटऑलला लॅम्डा (छोटं बिननावाचं फंक्शन) दिला तर मात्र दर जागेसाठी नवा ऑब्जेक्ट मिळतो.

ॲरे बाहेरून पॅरामीटर म्हणून येत असेल, तर 'धिस.गुण = गुण' लिहिल्यावर दोघांच्या हातात एकच ॲरे असतो. बोलावणाऱ्याने नंतर त्यात खाडाखोड केली की तुमचा ऑब्जेक्ट बिघडला. म्हणून 'गुण.क्लोन()', म्हणजे ॲरेची नक्कल, घ्या. लांबी सहाच आहे ना, गुण शंभरच्या आत आहेत ना, ही तपासणी क्लोनवर करा, मूळ ॲरेवर नको. तपासणी आणि नक्कल यांच्या मधल्या क्षणात दुसरा थ्रेड (प्रोग्रामचा समांतर चालणारा धागा) मूळ ॲरे बदलू शकतो. गेटरमधूनही (गुण बाहेर देणाऱ्या मेथडमधूनही) क्लोनच द्या. द्विमितीय ॲरेला मात्र एक क्लोन पुरत नाही, कारण त्याने फक्त ओळींच्या पत्त्यांची नक्कल होते, ओळी जुन्याच राहतात. तिथे दर ओळ वेगळी क्लोन करावी लागते.